भाचीले टीव्हीसाठी लिहायचं आहे, घरचे म्हणतात तलाठीचा फॉर्म भर

मुक्काम_समुद्रपूर
नमस्कार मंडळी. लई दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, सांभाळून घ्या.

माह्या बहिणीची पोरगी, वय २३. समुद्रपूर तालुक्यातलं गाव, घरी कोरडवाहू, कापूस आन तूर. नागपूरले होस्टेलवर राहून बीकॉम केलं, आता तिथंच स्पर्धा परीक्षेचा क्लास लावला असं घरी सांगितलेलं. क्लास आहे, नाही असं नाही, पण संध्याकाळी ही बाई धरमपेठेतल्या कॅफेत ओपन माइक करते, म्हणजे कोणीही माइक घ्यावा आन लोकाईले हसवावं. स्टँडअप. घरी कळलं कसं, तर तिची रील फिरत फिरत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. सारं गाव हसलं, भाऊजी सोडून.

आता तिचं म्हणणं असं का मले जन्मभर माइक घेऊन उभं नाही राहायचं, ही फक्त आत घुसायची वाट आहे. मले मालिका लिहायच्या आहेत, स्किट लिहायचे आहेत, आन आपण लिहिलेल्यात आपणच काम करायचं आहे. मुंबईत ना काका ना मामा (मामा मीच, आन मी समुद्रपुरात).

तर प्रश्न असा: स्टेजवरून टीव्हीच्या लेखनात आन तिथून अभिनयात कोणी गेलं का, का हे फक्त स्वप्नातच होते? आन गेलं असन तर मधली वर्षं पोट कसं भरलं? भाऊजीले दाखवायले काहीतरी ठोस पाहिजे. "स्वप्नांचा पाठलाग करा" टाइप ज्ञान नको, ते स्टेटसवर भरपूर येते.

सावजी_रस्सा
रुमाल टाकून ठेवतो. रीलची लिंक द्या जी आधी, पोट्टी हसवते का नाही ते पाहू द्या, करिअर मग ठरवू.

आर्वीकर_काका
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोरगी २३ची, बाप कोरडवाहूवाला. तलाठी, ग्रामसेवक, जिल्हा परिषद, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरायचा. हसवणं हा गुण आहे, धंदा नाही. आमच्या वेळी गॅदरिंगमध्ये नकला करणारे लई होते, आज सगळे पेन्शनीत आहेत आणि अजून नकला करतात. कोणाचं काही अडलं नाही.

हिंगणघाटची_मावशी
आर्वीकर भाऊ, तुमच्याच जिल्ह्यातला आहे ना सुनील पाल? आमच्या हिंगणघाटचा. २००५ मधे ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंजचा पहिला सीझन जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले होते. त्यालाही कोणीतरी फॉर्म भर म्हटलंच असन.

आर्वीकर_काका
ताई, एक सुनील पाल दिसतो. न दिसणारे किती, ते पण सांगा.

पुसदचा_परदेशी
मी सध्या न्यू जर्सीत, मूळ पुसदचा. धागाकर्त्यांना ठोस पाहिजे म्हणून एक ठोस देतो, आणि आर्वीकर काकांना हे उदाहरण आवडेल कारण यात सरकारी नोकरी आहे.

वांडा साइक्स, अमेरिकेतली विनोदी कलाकार. जन्म १९६४, व्हर्जिनिया राज्यातलं पोर्ट्समाउथ गाव. बाप सैन्यात, आई बँकेत, म्हणजे नाटक-सिनेमाशी काही संबंध नाही. मार्केटिंगमध्ये पदवी घेऊन ही लागली नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत. पक्की केंद्र सरकारची नोकरी. १९८७ साली वॉशिंग्टनला एका टॅलेंट शोमध्ये पहिल्यांदा स्टेजवर चढली. आता महत्त्वाचं हे की तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा नाही फेकला. दिवसा ऑफिस, रात्री क्लब, असं काही वर्षं चाललं, आणि न्यूयॉर्कला गेली ती १९९२ मध्ये. तिथे क्रिस रॉक या नामी विनोदवीराच्या आधी स्टेज तापवायचं काम मिळालं, त्याने पाहिलं, आणि १९९७ मध्ये त्याचा एचबीओवरचा शो सुरू झाला तेव्हा लेखकांच्या टीममध्ये घेतलं. लेखक म्हणून घेतलं हं, नटी म्हणून नाही. पण लिहिता लिहिता त्याच शोमध्ये पडद्यावर पण दिसायला लागली. १९९९ ला त्या टीमला लेखनाचा एमी (तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाला, तेव्हा ती ३५ वर्षांची.

अभिनयाची मोठी कामं त्यानंतर. २००३ ला तिच्या नावाची मालिका आली ती लवकरच गुंडाळली, हे पण भाऊजींना सांगा, लपवू नका. पण पेन हातात होतं म्हणून पुढचं काम मिळत गेलं. २०२१ ला नेटफ्लिक्सवर 'द अपशॉज' आली त्यात ती सहनिर्माती पण आहे आणि मुख्य भूमिकेत पण आहे. २०२२ ला ऑस्करच्या सूत्रसंचालनाला तिघी होत्या त्यात एक ही.

तेवीस ते पस्तीस. बारा वर्षं. त्यातली पहिली काही वर्षं पगार चालू.

सावजी_रस्सा
नॅशनल सिक्युरिटी म्हणजे आपलं रॉ का? हेर होती का बाई?

पुसदचा_परदेशी
हेर कसली, खरेदी-कंत्राटं पाहायची.

सावजी_रस्सा
म्हणजे बांधकाम खात्यातली टेंडर क्लार्क. मग विनोदबुद्धी तिथंच तयार झाली असन.

आर्वीकर_काका
पाहा, मी काय म्हणत होतो? आधी नोकरी!

कॅफेतला_चौथा_प्रेक्षक
अमेरिकेचं अमेरिकेत ठेवा ना राव. तिथे एका शहरात एका रात्री चार क्लब, इथे नागपुरात ओपन माइक म्हणजे बारा परफॉर्मर आणि चार प्रेक्षक, त्यातला एक वेटर. मी स्वतः दोन-चारदा चढलोय म्हणून सांगतो.

जवळचं उदाहरण घ्या. सुमुखी सुरेश. नागपुरात वाढलेली आहे ती, हे किती जणांना माहीत आहे? पुढे बंगळुरू. स्केचेस, इम्प्रोव्ह (आयत्या वेळी सुचेल ते सादर करणं), स्टँडअप सगळं केलं, आणि २०१७ मध्ये ॲमेझॉनवर 'पुष्पवल्ली' आली, संकल्पना तिची, लेखनात ती, नायिका ती. आणि नायिका कशी, तर एका माणसाच्या मागे लागून शहर बदलणारी, खोटं बोलणारी, पाळत ठेवणारी. माझं मत सांगतो, असा रोल तिला दुसऱ्या कोणी कास्टिंगवाल्याने कधीच दिला नसता. हिरोईनची मैत्रीण दिली असती, दोन सीन, खाणारी आणि हसणारी. स्वतः लिहिलं म्हणून मधोमध उभी राहिली. दुसरा सीझन २०२० ला आला. मधे २०१८ ला कॉमिकस्तान या स्टँडअपच्या स्पर्धेचं सूत्रसंचालन केलं. आणि २०१९ ला स्टँडअपचा शो आला त्याचं नावच 'डोन्ट टेल अम्मा'. तुमच्या भाचीचा 'डोन्ट टेल बाबा' होता होता राहिला.

हिंगणघाटची_मावशी
अगं बाई, नागपूरची? मी पाहिली ती मालिका लेकीसोबत, मधेच उठून गेले, पोरीचा राग येऊन राहिला होता. पण मग परत येऊन बसले.

झाडीचा_माणूस
वडसा, जि. गडचिरोली.

मंडळी तुम्ही सारे मुंबई-न्यूयॉर्क फिरून आले, पन आपल्या विदर्भात हसवून पोट भरनाऱ्या बाया आहेत ना जी. झाडीपट्टी, आमची पूर्व विदर्भातली रंगभूमी! दिवाळीनंतर मंडया (जत्रा) लागल्या का होळीवरी आमच्याकडं रोज रातच्याला नाटक. वडसा म्हंजे कंपन्यांचं माहेरघर, एकेका रोडनं बोर्डच बोर्ड. ज्या गावी शंकरपट (बैलाईची शर्यत) त्या गावी नाटक, पाव्हने दिवसा पट पाहातेत, रातच्याला नाटक पाहातेत, सकाळच्याला झोपतेत. परशुराम खुणे सरले २०२३ मधे पद्मश्री भेटली ती याच रंगभूमीसाठी.

आता मुद्द्याचं. नाटकात विनोदी पार्ट करनारी बाई असते, तिले रातच्या हिशोबानं पैसे. पब्लिक हजारानं, थंडीत शाल पांघरून बसलेलं, मधात कोनाचं लेकरू रडते, कोनी चहा मागते. तिथं संवाद पडला का पडला, उचलनारं कोनी नाही. ज्या बाईनं वरच्या गावात सरपंचावर जोक मारला ती खालच्या गावात तोच जोक पोलीस पाटलावर फिरवते, उभ्या उभ्या. हेच लेखन आहे का नाही? कॅफेत चार मानसं हसवून काय समजते? भाचीले एक सीझन इकडं पाठवा.

कॅफेतला_चौथा_प्रेक्षक
+१. हे डोक्यातच आलं नव्हतं.

आर्वीकर_काका
रात्रभर नाटक, पोरीची जात, प्रवास टेम्पोत. भाऊजींना हे सांगितलं तर ते धागाकर्त्याशीच बोलणं बंद करतील.

झाडीचा_माणूस
काका, आमच्या कंपनीच्या बाया पंधरा पंधरा वर्सं काम करून रायल्या, लेकरं शिकवली. तुमच्या आर्वीत रातच्याला यष्टीत बसनारी बाई काय कमी धोक्यात असते?

संवाद_लिहिणारी
इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. मी मूळची वरुडची, संत्र्याच्या बागेतली. गेली काही वर्षं मुंबईत मराठी मालिकांचे संवाद लिहिते. मालिकेचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

धागाकर्ते, भाचीला आधी हे सांगा की मालिकेत "लेखक" नावाचा एक माणूस नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. नवीन माणूस बहुतेक वेळा संवादातून आत येतो, तेही कोणाचा तरी मदतनीस म्हणून, नाव न येता. वनलाइन, म्हणजे एपिसोडमध्ये काय घडतं त्याचा थोडक्यात आराखडा, हातात येते, त्याचे सीन पाडायचे. गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅक बदलतो, मग ज्या सासूला काल मारायचं होतं तिला आज आयसीयूतून परत आणायचं. एखादा नट आजारी पडला तर त्याचे संवाद रात्री अकराला उठून दुसऱ्याच्या तोंडी घालायचे. पैसे एपिसोडवर. बिल महिनाअखेरीस द्यायचं आणि ते साठ-नव्वद दिवसांनी टीडीएस कापून येतं, आलं तर. एका निर्मात्याकडे माझे अजून अडकलेले आहेत, मालिका बंद पडून जमाना झाला. म्हणून मुंबईत उतरताना निदान सहा महिन्यांचं भाडं गाठीला पाहिजे, हे भाऊजींनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.

आता चांगली बाजू. सेटवर किंवा ऑफिसात सीनचं वाचन होतं तेव्हा लेखक स्वतः वाचून दाखवतो. बहुतेक लेखक पुटपुटतात. स्टँडअप केलेली मुलगी वाचते तेव्हा खोलीतले सगळे मान वर करतात, कारण तिला कुठे थांबायचं हे माहीत असतं. मला पहिली भूमिका अशीच मिळाली, नर्सची. मीच लिहिलेली, दोन सीनची, वाचताना दिग्दर्शक म्हणाला दुसरी कोणी कशाला शोधायची. नंतर ती नर्स जरा जास्त दिवस जगली कारण संवाद माझ्या हातात होते 😄

आणि एक, जे काही लिहील ते कोणाला वाचायला देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवायला सांगा. ऑनलाइन होतं, गावातून पण होतं.

मुक्काम_समुद्रपूर
सगळ्यांचे आभार. सावजी भाऊ, रील तिनं डिलीट केली बापाच्या भीतीनं, पण तिच्याकडून लिहून घेतलं, जसंच्या तसं टाकतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावरचं आहे; ग्रेडर म्हणजे तिथं कापसाची प्रत पाहणारा.

"आमच्या घरी दोनच गोष्टी तपासून विकतात, कापूस आन मी. बाबा कापसाची गाडी घेऊन सीसीआयले गेले. ग्रेडरनं गाडीत हात घातला, मूठ भरली, मशीन लावली, म्हणे ओलावा जास्त आहे. आठ टक्के असला का पूरा भाव, बाराच्या वर गेला का गाडी वापस. त्याच दिवशी संध्याकाळी मले पाहायले पाहुणे आले. त्यातल्या एका बाईनं माहा हात धरला, दाबून पाह्यला, पालटून पाह्यला. म्हणे, रंग बरा आहे, धागा जरा आखूड वाटते. मले रडूच आलं. माय मांगून हळूच म्हणे, रडू नको पोरी, ओलावा वाढन. म्हणजे पाहा, शेतकऱ्याच्या घरी पोरीची आन पिकाची हालत सारखीच असते."

सावजी_रस्सा
रडू नको ओलावा वाढन 😂😂😂 ऑफिसात बसून आहो, सायबानं पाह्यलं.

हिंगणघाटची_मावशी
हसले आणि मग घशात काहीतरी अडकलं. पोरगी लिहिणारी आहे हो.

कॅफेतला_चौथा_प्रेक्षक
शेवटचं वाक्य काढा! "ओलावा वाढन" वर संपलं ना. त्यानंतर "म्हणजे पाहा" म्हणत समजावून सांगितलं की हशा तिथंच विझतो. लोकांना कळतं.

पुसदचा_परदेशी
+१, पण दुसरी अडचण सांगतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला सीसीआय काय, ग्रेडर कोण, ओलाव्याने भाव का पडतो हे माहीत नाही. टीव्हीवर हे चालवायचं तर सुरुवातीला अजून दोन वाक्यं लागतील.

संवाद_लिहिणारी
नाही लागणार. तिने "बाराच्या वर गेला का गाडी वापस" इतकंच सांगितलंय आणि ते पुरतं. विनोदाला लागणारा नियम प्रेक्षकाला आधी दिला की काम झालं, संस्थेचा इतिहास द्यायचा नसतो. चौथ्या प्रेक्षकाचं मात्र बरोबर, शेवटचं वाक्य जाऊ द्या.

आर्वीकर_काका
"मशीन लावली" आणि "हात घातला" दोन्ही एकत्र कशाला? ओलाव्याचं मीटर अलीकडचं. आम्ही हातावर सांगायचो. मी कापूस पणन महासंघात होतो, एकाधिकार खरेदीच्या काळात. ग्रेडर.

सावजी_रस्सा
ओ काका!! इतका वेळ गप्प बसले?

मुक्काम_समुद्रपूर
काका तुम्ही ग्रेडर होते?? म्हणजे आमच्या आज्याची गाडी तुम्हीच वापस केली असन 😀

आर्वीकर_काका
वापस केलेल्या गाड्या सगळ्यांनाच लक्षात राहतात, घेतलेल्या कोणाच्या राहत नाहीत. ते जाऊ द्या, विषयांतर नको.

वऱ्हाडी_ठेचा
उशिरा आलो. माझं वेगळंच दुखणं आहे. ही पोरगी मुंबईले गेली का पहिले तिची भाषा सुधारतीन. टीव्हीवर आपली बोली कोणाच्या तोंडी? ड्रायव्हर, गडी, बावळट पाहुणा. नायिका कधी "मले" म्हणते का?

सावजी_रस्सा
भारत गणेशपुरे आहेत ना. अमरावतीकडचेच. 'चला हवा येऊ द्या' मधे इतकी वर्षं वऱ्हाडी बोलले आन पुण्याची मंडळी ते शिकून बोलायले लागली.

वऱ्हाडी_ठेचा
मानतो. वऱ्हाडी कवी मिर्झा साहेबांनी पण मिर्झा एक्सप्रेस हा कार्यक्रम घेऊन गावोगाव वऱ्हाडीतच हसवलं. पण दोघं पुरुष, आन दोघंही विनोदाच्या खात्यात. वऱ्हाडीत प्रेम करनारी, भांडनारी, दुकान चालवनारी बाई कुठं आहे टीव्हीवर?

संवाद_लिहिणारी
खरं आहे, आणि त्याचं कारण सांगते. चॅनेलवाले नाही म्हणतात असं प्रत्येक वेळी नसतं. लिहिणाराच मधल्या भागातला असतो, त्याच्या कानात ती बाई नसते, मग तो "काहून बे" दोनदा टाकून मोकळा होतो. वऱ्हाडी बाई लिहायला वऱ्हाडी बाई ऐकलेली माणसं टीममध्ये हवीत. म्हणूनच मला वाटतं भाचीने भाषा बदलू नये. प्रमाण मराठीत लिहायला शिकावंच, नाहीतर एपिसोड मिळणार नाहीत, पण हे जे वर टाकलंय ते असंच ठेवावं.

हिंगणघाटची_मावशी
सगळे मोठमोठं बोलून राहिले, साधी गोष्ट कोणी विचारली नाही. ओपन माइक संपते किती वाजता? आणि पोरगी परत जाते कुठे?

मुक्काम_समुद्रपूर
मावशी, हेच तर. साडेनऊ-दहा होते. होस्टेलचं गेट नऊले बंद. गावी यायचं तर जामच्या चौरस्त्यावर उतरून पुढं रात्री काहीच नाही, भाऊजीले गाडी घेऊन जावं लागन, म्हणजे भाऊजीले सांगावं लागन. आतापर्यंत मैत्रिणीच्या रूमवर थांबायची.

हिंगणघाटची_मावशी
माझी लेक प्रतापनगरला राहते, दोघी जणी आहेत, तिसरीची जागा आहे. भाडं वाटून घ्यायचं. व्यनि (खासगी निरोप) करते.

सावजी_रस्सा
भाड्यासाठी लाडकी बहीणचे १५०० आहेतच 😛

पुसदचा_परदेशी
गमतीचं सोडा, मूळ प्रश्न पोटाचा होता. माझं मत: क्लास सोडू नये. बीकॉम आहे, नागपुरात एखाद्या सीएकडे दिवसाचं काम बघावं, संध्याकाळ मोकळी. हे दोन-तीन वर्षं. मुंबई त्यानंतर, आणि ते पण हातात लिहिलेलं काहीतरी घेऊन.

झाडीचा_माणूस
आन दिवाळीनंतर एकदा वडस्याले. पाहाले या निदान, भाऊजीले घेऊनच या. बापासमोर पब्लिक हसलं का बाप पन हसते.

मुक्काम_समुद्रपूर
भाऊजीसोबत काल बसलो. वांडाबाईचं सांगितलं, पाच-सहा वर्षं सरकारी नोकरी करून रात्री स्टेज, ते त्याईले पटलं. एमीचं काही समजलं नाही. शेवटी म्हणे, फॉर्म भरून परीक्षा देईन तर बाकीचं मी पाहत नाही. "पाहत नाही" म्हणजे हो समजायचं का नाही हे बहिणीले विचारलं, ती म्हणे हो समज.

आर्वीकर_काका
उत्तम. फॉर्म भरल्याने विनोद मरत नाही.

संवाद_लिहिणारी
मग आता कामाचं. मला स्टँडअप पाठवू नका म्हणावं, स्किट पाठव. हाच विषय, एक जागा, चार पात्रं, सहा मिनिटं. सकाळी केंद्र आणि संध्याकाळी घर असं दोन ठिकाणी नको, पाहुणे केंद्रावरच येऊ देत, गाडी रांगेत उभी आहे आणि मुलगी गाडीवर बसलेली आहे. म्हणजे ग्रेडर आणि पाहुणीबाई समोरासमोर येतील. आईचं पात्र तिने स्वतःसाठी लिहावं, सगळ्यात चांगलं वाक्य तिथे आहे. पत्ता व्यनि केलाय.

मुक्काम_समुद्रपूर
मिळाला. ती लिहायले बसली पण. म्हणते बाकी सारे जमते, ग्रेडर जमत नाही, तो नुसता ओरडून राहिला आन खोटा वाटते.

आर्वीकर_काका
ग्रेडर ओरडत नाही. ओरडायचं काम मापाडी करतो. ग्रेडर गाडीच्या मधातून मूठ काढतो, वरून कधीच नाही, कारण वर चांगला कापूस ठेवलेला असतो हे त्याला माहीत असतं. बोंडातला धागा दोन अंगठ्यांत ओढून पाहतो. सरकी दाताखाली फोडतो, कट्कन आवाज आला तर वाळलेला. आणि माल नाही घ्यायचा असला की शेतकऱ्याकडे बघतच नाही. मूठ सोडून देतो, हात पॅन्टला पुसतो आणि रांगेकडे तोंड करून म्हणतो, "पुढची घ्या." शेतकरी जे बोलायचं ते बोलतो, हा दुसऱ्या गाडीत हात घालून मोकळा झालेला असतो.

सरकी फोडायचं पाहुणीबाईला पण द्या म्हणावं, दातानं शेंगदाणा फोडत बोलली तरी चालेल.